कामावर नाव राहावे म्हणून : संगणक क्षेत्रातील स्त्रियांसाठी नोंदींची पद्धत

फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हा महाकाय संगणक पाहुण्यांना दाखवण्यात आला. तोफेतून सुटलेल्या गोळ्याला जमिनीवर पडायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात यंत्राने त्याचा संपूर्ण मार्ग काढून दाखवला. हे गणित यंत्रावर बसवले होते बेटी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज या दोन तरुणींनी. एनिॲकसाठी निवडलेल्या सहा जणींना शिकायला कोणतीही पुस्तिका नव्हती. यंत्राचे आराखडे वाचत आणि अभियंत्यांना प्रश्न विचारत त्यांनी ते आत्मसात केले होते. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत एक दोष शिल्लक होता, तो म्हणजे गोळा जमिनीला टेकल्यावरही हिशेब थांबत नव्हता. रात्री स्नायडर यांच्या लक्षात त्याचे कारण आले आणि सकाळी येऊन त्यांनी एकच खटका बदलला. प्रात्यक्षिक गाजले, नंतर मेजवानी झाली, आणि तिचे निमंत्रण या सहा जणींपैकी कोणालाही नव्हते.

पुढे चाळीसएक वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या फोटोंतील स्त्रिया कोण, असे विचारले, तेव्हा यंत्र उठून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या त्या मॉडेल असाव्यात, असे उत्तर तिला मिळाले. क्लायमन यांनी त्या स्त्रियांना शोधून काढले आणि त्यांच्या मुलाखती घेतल्या. १९९७ मध्ये सहाही जणींचा जाहीर गौरव झाला, पण तोवर पन्नास वर्षे गेली होती.

आज पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत मुली मोठ्या संख्येने भरती होतात. त्यांच्या क्षमतेविषयी मला कधीच शंका वाटलेली नाही. अडते ते पुढे. केलेले काम नेमके कोणाचे, हे अप्रेझलच्या म्हणजे वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी, बढतीच्या चर्चेत किंवा नोकरीत खंड पडल्यानंतरच्या मुलाखतीत सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा हाताशी काहीच नसते. ते हाताशी असावे म्हणून काय करायचे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

आठवड्याची नोंद

सर्वांत उपयोगी सवय सर्वांत साधी आहे. दर शुक्रवारी काम संपवताना वीस मिनिटे काढून आठवड्यात काय केले ते लिहावे. त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही. वही किंवा साधी फाइल पुरते. रोज लिहिण्याचा संकल्प बहुधा टिकत नाही, आणि महिन्यातून एकदा लिहायला बसले तर निम्मे आठवत नाही, म्हणून आठवडा हेच योग्य माप आहे.

कसे लिहायचे याकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ‘परफॉर्मन्सचे काम केले’ अशी नोंद सहा महिन्यांनी आपल्यालाही काही सांगत नाही. त्याच कामाची उपयोगी नोंद अशी असेल : ‘रात्रीच्या बिलिंग जॉबला सहा तास लागत होते, त्यामुळे सकाळी नऊला अहवाल तयार नसे. क्वेरीचा प्लॅन तपासला, दोन इंडेक्स घातले, एक अनावश्यक जॉइन काढला. आता जॉब पन्नास मिनिटांत संपतो. बदल १४ तारखेच्या रिलीजमध्ये गेला. रिव्ह्यू टीम लीडने केला, सपोर्टच्या लोकांनी फरक कळवला.’ हे उदाहरण मी रचलेले असले, तरी त्यातील अंगे प्रत्येक नोंदीत असावीत. आधी काय अडत होते, आपण नेमके काय केले, त्याने काय बदलले, आणि हे कोणाला ठाऊक आहे. शेवटचा मुद्दा बहुतेक जणी गाळतात. वर्षाअखेरीस मॅनेजर बदललेला असतो, आणि मग साक्ष देऊ शकेल असे माणूस कोण होते तेच आठवत नाही.

आकडा शक्य तिथे कामाच्या आधीच टिपून ठेवावा. सहा तासांचे पन्नास मिनिटे झाले हे सांगण्यासाठी मुळात सहा तास लागत होते याची नोंद हवी. दुरुस्ती झाल्यावर जुना आकडा शोधायला गेल्यास तो बहुधा सापडत नाही.

या वहीत न दिसणारे कामही यायला हवे. नव्याने आलेल्या मुलामुलींना सिस्टम समजावून सांगणे, दोन टीममधला गैरसमज मिटवणे, मीटिंगचा सारांश लिहिणे, अर्धवट राहिलेले डॉक्युमेंट पूर्ण करणे, ग्राहकाचा राग शांत करणे ही सगळी कामे तिकिटाच्या, म्हणजे कामाच्या अधिकृत नोंदीच्या, क्रमांकाशिवाय होतात, आणि टीममध्ये एक-दोनच स्त्रिया असल्या की ती न सांगता त्यांच्याकडे येतात. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की आपला किती वेळ अशा कामात जातो ते स्पष्ट दिसते. मग मॅनेजरशी बोलताना ‘माझ्यावर फार लोड आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘गेल्या तिमाहीत दर आठवड्याचा साधारण एक दिवस नवीन लोकांच्या प्रशिक्षणात गेला आहे, हे माझ्या उद्दिष्टांत लिहून घ्यावे किंवा पाळीपाळीने वाटावे’ असे ठामपणे सांगता येते. अशी मागणी झटकून टाकणे कठीण असते.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. कंपनीचा कोड, ग्राहकाची माहिती, अंतर्गत मेल किंवा स्क्रीनशॉट स्वतःच्या खासगी मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊ नयेत. नोकरीच्या करारात त्याला मनाई असते आणि त्यावरून नोकरी जाऊ शकते. वैयक्तिक वहीत स्वतःच्या शब्दांत, ग्राहकाचे नाव न घेता लिहावे. सविस्तर नोंद कंपनीच्या यंत्रणेतच, म्हणजे तिकिटात, डिझाइन डॉक्युमेंटमध्ये आणि रिव्ह्यूच्या शेऱ्यांत ठेवावी.

जुन्या कागदांचे मोल काय असते ते लिन कॉनवे यांच्या उदाहरणावरून कळते. त्या आयबीएममध्ये संगणकाच्या रचनेवर महत्त्वाचे काम करत होत्या. त्या लिंगबदलाच्या वाटेवर आहेत हे कळल्यावर १९६८ मध्ये कंपनीने त्यांना काढून टाकले. पुढे त्यांनी नव्या नावाने शून्यातून सुरुवात केली आणि कार्व्हर मीड यांच्यासह चिप-रचनेची पद्धतच बदलली, पण आधीच्या कामाविषयी त्या गप्प राहिल्या. तीसेक वर्षांनी एका संशोधकाने त्या जुन्या प्रकल्पाचा इतिहास जुळवायला घेतला तेव्हा कॉनवे यांनी जपलेले कागद कामी आले आणि त्यांचा वाटा उजेडात आला. आयबीएमने २०२० मध्ये त्यांची माफी मागितली.

कोडवरचे नाव

गिट ही कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. तिच्यात प्रत्येक कमिटवर, म्हणजे जतन केलेल्या बदलावर, नाव आणि ईमेल उमटतो. नवा लॅपटॉप मिळाला की कोड लिहिण्याआधी ही दोन्ही सेटिंग तपासावीत. अनेकदा जुन्या वापरकर्त्याचे नाव तसेच राहते आणि महिनाभराचे काम भलत्याच नावावर जमा होते. दोघांनी शेजारी बसून कोड लिहिला असेल तर कमिट ज्याच्या यंत्रावरून जाते त्याचेच नाव दिसते. त्यासाठी कमिटच्या संदेशाच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ ही ओळ इंग्रजीत लिहून पुढे जोडीदाराचे नाव व ईमेल द्यावा; गिटहबसारख्या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर मग दोघांचीही नावे दिसतात. हे आपण दुसऱ्यासाठी नियमाने करावे, म्हणजे आपल्यासाठी तसे करा म्हणणे अवघड जात नाही.

आपल्याकडे लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव बदलण्याची पद्धत आहे, काही घरांत तर पहिले नावही बदलते. एनिॲकच्या स्नायडर पुढे होल्बर्टन झाल्या, जेनिंग्ज बार्टिक झाल्या, आणि त्यांचे काम शोधणाऱ्याला प्रत्येकीची दोन नावे लक्षात ठेवावी लागतात. माझे स्पष्ट मत असे की, घरात काहीही ठरले तरी व्यवसायातील नाव एकच ठेवावे. नाव बदलायचेच असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला आणि जुन्या नावाच्या पदव्या एका ठिकाणी ठेवाव्यात, रेझ्युमेवर जुने नाव कंसात द्यावे आणि लिंक्डइनवर पूर्वीचे नाव दाखवण्याची सोय वापरावी. गिटच्या प्रकल्पात ‘मेलमॅप’ नावाची फाइल ठेवता येते. तीत जुने नाव आणि ईमेल नव्याशी जोडला की दोन्ही नावांवरचे कमिट एकाच व्यक्तीचे म्हणून मोजले जातात. संशोधनात असलेल्यांनी ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा सोळा अंकी क्रमांक पहिल्याच लेखाच्या वेळी घ्यावा, कारण नाव बदलले तरी तो बदलत नाही.

हा सगळा प्रश्न नोकरी लागण्यापूर्वीच सुरू होतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी चार जणांच्या गटात प्रोजेक्ट करताना रिपोर्ट आणि पीपीटी मुलींकडे, आणि कोड मुलांकडे, अशी वाटणी मी फार ठिकाणी पाहिली आहे. रिपोर्ट लिहिणे कमी दर्जाचे काम नाही, परंतु कॅम्पस मुलाखतीत विचारतात ते कोडबद्दल. म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्याच बैठकीत कोणते मॉड्यूल कोणाचे ते लिहून घ्यावे, रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून कमिट करावे, आणि रिपोर्ट चौघांनी वाटून लिहावा. मार्गदर्शक प्राध्यापकांनी एवढा नियम घातला तरी पुष्कळ साधेल.

बोलणे आणि लेखी मेल

मीटिंगमध्ये मांडलेली सूचना दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आली आणि ती त्याचीच ठरली, हा अनुभव स्त्रियांना नवा नाही. तिथल्या तिथे वाद घालणे प्रत्येकीला जमत नाही आणि त्याने दर वेळी हेतू साधतोच असेही नाही. त्याऐवजी मीटिंग संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत सर्वांना छोटा मेल पाठवावा : ‘आजच्या चर्चेत मी कॅश वेगळ्या सर्व्हरवर नेण्याची सूचना केली होती, ती मान्य झाली. त्याचे डिझाइन मी बुधवारपर्यंत पाठवते. चाचणीचे काम अमुक करतील.’ यात तक्रारीचा सूर नाही आणि पुढच्या कामाची जबाबदारीही आहे. सहकाऱ्यांनी हेच काम तोंडी करावे. ‘हा मुद्दा मंगळवारी तिने मांडला होता, तो तिच्याकडूनच पुढे ऐकू या’ एवढे एक वाक्य उच्चारायला पुरुष सहकाऱ्यालाही काही जड जात नाही.

लिहिलेल्या शब्दाला किती वजन असते याचे पुण्याशी जोडलेले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, स्त्रियांनी अर्ज करू नये असे म्हणणारी टेल्को या टाटांच्या वाहन कंपनीची जाहिरात पाहिली आणि जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. त्यांना मुलाखतीला पुण्याला बोलावले गेले आणि त्या तिथे अभियंता म्हणून रुजू झाल्या. मैत्रिणींत व्यक्त केलेला राग तिथेच विरला असता.

अप्रेझल

स्वतःचे मूल्यमापन लिहिताना नोंदवही समोर ठेवावी, म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांपुरतेच आठवत नाही. भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. ‘टीमच्या सहकार्याने मॉड्यूल पूर्ण झाले’ या वाक्यात आपण कुठेच नाही. ‘मॉड्यूलचे डिझाइन मी केले, पेमेंटचा भाग मी लिहिला, चाचण्या दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिल्या’ असे लिहिल्याने कोणाचे श्रेय हिरावले जात नाही, उलट ज्याचे त्याला मिळते. ‘मी’ लिहिताना संकोच वाटतो, कारण स्वतःविषयी बोलू नये असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण अप्रेझल हा कामाचा दस्तऐवज आहे, तिथे विनय दाखवल्याने वाचणाऱ्याला चुकीची माहिती मिळते.

मिळालेल्या श्रेणीचे कारण नेहमी लेखी मागावे, आणि पुढच्या पदासाठी नेमके काय कमी पडते तेही. ‘अजून थोडी मॅच्युरिटी हवी’ असे मोघम उत्तर आले तर कोणत्या प्रसंगी ती कमी दिसली ते विचारावे.

प्रसूती रजेवर जाण्यापूर्वीची तयारी वेगळी सांगायला हवी. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा सेवेच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदेशीर आहे. तरीही रजेवरून आल्यावर ‘यंदा तुझे काम कमी दिसते’ असे ऐकावे लागते. म्हणून जाण्याच्या दोन आठवडे आधी तोवरच्या कामाचा आढावा मॅनेजरला मेल करावा, कोणते काम कोणाकडे सोपवले ते लिहावे, आणि परतल्यावरची भूमिका कोणती याची लेखी खातरजमा करावी. जितके महिने काम केले तितक्या महिन्यांचे मूल्यमापन त्या महिन्यांच्या कामावरच व्हावे, असे त्या मेलमध्ये स्पष्ट म्हणावे.

खंड पडला असेल तर

मुले, आजारी सासू-सासरे, नवऱ्याची बदली, कारण काहीही असो, दोन-चार वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीला परत येणे कठीण करून ठेवलेले आहे. पण अशा स्त्रियांच्या बळावर एक अख्खी कंपनी उभी राहिली होती. इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ सुरू केली आणि लग्न किंवा मुलांमुळे नोकरी सुटलेल्या प्रशिक्षित स्त्रियांना घरून काम दिले. पत्रांवर ‘स्टेफनी’ सही असली की उत्तरे येत नसत, म्हणून त्यांनी ‘स्टीव्ह’ अशी सही करायला सुरुवात केली. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग त्यांनी केले, तेही जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिलीने कोड लिहून.

परतीची तयारी करताना रेझ्युमेवरचा खंड लपवू नये. तारखांशी केलेला खेळ पार्श्वभूमी तपासणीत उघडा पडतो आणि मग मिळालेली नोकरीही जाते. ‘२०२१ ते २०२४ : कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम’ अशी एक ओळ पुरते. तिच्याखाली गेल्या सहा महिन्यांत काय केले ते यावे, आणि ते दाखवता येण्याजोगे असावे. कोर्सच्या प्रमाणपत्रांची रांग लावण्यापेक्षा एक छोटा पण पूर्ण प्रकल्प बरा. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारे ॲप असले तरी चालेल, मात्र त्याला चाचण्या असाव्यात, नीट लिहिलेले रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) असावे आणि कमिटचा इतिहास काही महिन्यांचा असावा, एका रात्रीतला नसावा.

मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा, प्रकल्पांत योगदान हा दुसरा मार्ग आहे. आउटरीची ही इंटर्नशिप त्यासाठी मुद्दाम पाहावी. ग्नोम या मुक्त स्रोत प्रकल्पातील स्त्रियांसाठीच्या उपक्रमातून ती वाढली. काम घरून करता येते, मार्गदर्शक मिळतो आणि सुमारे तीन महिन्यांचे विद्यावेतन मिळते. निवड होण्यापूर्वीच अर्जदारांना प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावे लागते, त्यामुळे निवड झाली नाही तरी स्वीकारलेले बदल आपल्या नावावर जाहीरपणे राहतात. सुरुवात डॉक्युमेंटमधील चुकांपासून किंवा मराठी भाषांतराच्या दुरुस्त्यांपासून केली तरी हरकत नाही, पण तिथेच थांबू नये. पुढचे पाऊल कोडचे असावे.

अहवाल, लेख, पेटंट

नासामध्ये कॅथरीन जॉन्सन यांनी टेड स्कोपिन्स्की यांच्यासह लिहिलेला उपग्रहाच्या कक्षेसंबंधीचा अहवाल १९६० मध्ये निघाला, तेव्हा त्यांच्या विभागात लेखिका म्हणून स्त्रीचे नाव प्रथमच छापले गेले. त्याआधीही स्त्रिया गणिते करतच होत्या. आज असे नाव गाळले जाते ते बहुधा घाईत. त्यामुळे लेखाचा पहिला मसुदा होण्यापूर्वीच लेखकांची नावे आणि क्रम ठरवून मेलवर घ्यावा. पेटंटच्या बाबतीत कल्पना सुचल्याची तारीख, आपण सुचवलेला नेमका भाग आणि उपस्थित व्यक्ती यांची नोंद कंपनीच्या शोध-नोंदणी अर्जात करावी. पेटंटचा मालक कंपनी असली तरी संशोधक म्हणून नाव नोंदवले जाण्याची सोय भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या २८ व्या कलमात आहे.

छळाची तक्रार

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर नोंदींना कायदेशीर महत्त्व येते. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. लेखी तक्रार घटनेपासून, किंवा घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. घटना घडली त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, शब्द आणि आसपास कोण होते ते लिहून ठेवावे, आलेले मेसेज पुसू नयेत. चौकशी सुरू झाल्यावर तक्रारीचा मजकूर आणि नावे जाहीर करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून समाजमाध्यमांवर लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यासाठी

सगळा भार नोंदी ठेवणाऱ्या स्त्रीवर टाकणे न्याय्य नाही. टीम लीड, मॅनेजर आणि विशेषतः वरच्या पदावर पोहोचलेल्या स्त्रिया यांनी काही गोष्टी स्वतःहून कराव्यात. मीटिंगचा सारांश लिहिण्याची पाळी नावांच्या यादीप्रमाणे फिरवावी. वरिष्ठांपुढे सादरीकरण करताना स्लाइडवर काम करणाऱ्यांची नावे घालावीत, आणि जमेल तिथे त्यांनाच बोलू द्यावे. प्रॉडक्शनमधील मोठ्या बिघाडाची दुरुस्ती, नव्या ग्राहकाचे डिझाइन अशी ज्या कामांनी माणूस नजरेत भरतो ती कामे कोणाला दिली जातात, याचा तिमाहीतून एकदा हिशेब पाहावा. ‘तिची मुले लहान आहेत, तिला प्रवासाचे काम नको’ असे परस्पर ठरवू नये. तिला विचारावे आणि तिचे उत्तर मानावे.

सल्ला देणारे पुष्कळ मिळतात, शिफारस करणारे थोडे. बढतीची चर्चा बंद खोलीत होते आणि जिच्याविषयी ती होते ती तिथे नसते. अशा चर्चेला जाण्यापूर्वी मॅनेजरने टीममधील प्रत्येकीकडून तिच्या नोंदींवरून काढलेला एका पानाचा आढावा मागून घ्यावा, तो वाचावा, शंका तिलाच विचारून घ्याव्यात आणि ते पान सोबत घेऊन जावे.